अमझेरा–बाघ परिसर : बेसॉल्टखालील खडकांतील तेल व वायू

मध्य प्रदेशातील धार शहराच्या पश्चिमेस असलेल्या अमझेरा परिसरात भूपृष्ठावर दिसतो तो दख्खनचा काळा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा थर त्याहून जुन्या गाळाच्या खडकांवर पसरला आहे. या झाकलेल्या खडकांत खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू असण्याची शक्यता हा भूवैज्ञानिक संशोधनाचा विषय आहे.

अमझेऱ्याच्या नैर्ऋत्येस बाघ येथे झीज होऊन हे खडक उघडे पडले आहेत. तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक आणि त्याहून वर ‘कोरॅलाइन’ चुनखडक असा त्यांचा क्रम आहे. नाव पोवळ्यांचे असले तरी या शेवटच्या खडकात भरणा आहे तो ब्रायोझोआ या सूक्ष्म वसाहती प्राण्यांच्या सांगाड्यांचा. क्रिटेशस काळात पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, याचा हा पुरावा होय.

तेलसाठ्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात : सेंद्रिय द्रव्याने समृद्ध उगमखडक, सच्छिद्र साठवणखडक, वर अभेद्य झाकण आणि तेल अडवणारी रचना. वालुकाश्म साठवणीस योग्य ठरू शकतो; भेगा नसतील तेथे बेसॉल्ट झाकणाचे काम करतो. पुरेसा जाड, परिपक्व उगमखडक सापडणे हा कळीचा प्रश्न आहे. शिवाय खडकांत घुसलेल्या शिलारसाच्या भित्तींची उष्णता जास्त झाल्यास तेलाचे वायूत रूपांतर होते.

बेसॉल्ट शोधकार्यात अडथळाही आणतो. शोधासाठी जमिनीत सोडलेल्या कंपनलहरी त्याच्या थरांत विखुरतात. त्याखालच्या गाळात त्यांचा वेग कमी होत असल्याने तो थर या लहरींच्या अपवर्तन पद्धतीला दिसत नाही. म्हणून गुरुत्वमापन आणि विद्युत्‌रोध मोजणाऱ्या मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीची जोड दिली जाते. नर्मदा–तापी पट्ट्यात अशा सर्वेक्षणांतून बेसॉल्टखाली जाड गाळाचे संकेत मिळाले आहेत. मात्र हा गाळ सर्वत्र नाही : किल्लारी येथे ३३८ मीटर बेसॉल्टखाली केवळ ८ मीटर गाळ व लगेच ग्रॅनाइटी पायाखडक लागला, कोयना भागात तर बेसॉल्ट थेट पायाखडकावरच टेकला आहे.

विंध्य खोऱ्यातील दमोह भागात बाघच्या खडकांहून कितीतरी जुन्या, प्रोटेरोझोइक चुनखडकातून ओएनजीसीच्या विहिरीत वायू मिळाला आहे. म्हणजे खडकाचे वय मोठे असणे हा अडसर नव्हे. बेसॉल्टने झाकलेले दख्खन खोरे मात्र भारतातील खोऱ्यांच्या वर्गीकरणात अद्याप तिसऱ्या, म्हणजे केवळ संभाव्य साठ्यांच्या वर्गात मोडते. येथील शक्यता अखेर खोल वेधनानेच पारखता येईल.