हाक कोणीकडून आली?

मागून हाक आली कीं आपण बरोबर तिकडेच वळतों. हें कसें साधतें, याचा छडा लावण्यासाठीं इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हे १८७६ च्या सुमारास डोळे मिटून हिरवळीवर उभे राहिले. भोवतालची माणसें बोलत, तेव्हां त्यांस बोलणाऱ्याची दिशा ओळखतां येई. परंतु नादकाटे वाजूं लागतांच पुढचा कोणता नि मागचा कोणता, हें सांगतां येईना.

उंच स्वर डोक्याच्या आडोशामुळें पलीकडच्या कानास क्षीण ऐकूं येतात. खालच्या स्वरांस तो आडोसा पुरत नाहीं. १९०७ सालीं रॅले यांनीं ठरविलें कीं, तेथें दोन्ही कानांतील लहरींच्या मागेंपुढें होण्यावरून दिशा कळते. हा कालभेद अधिकांत अधिक सेकंदाचा सुमारें दीड-हजारावा भाग! माझ्या वर्गांतील एका कानानें बहिरा मुलगा हाकेसरशीं भलतीकडे पाही. मी त्यास वेंधळा म्हणत असें.

१९४८ सालीं अमेरिकेंतील लॉइड जेफ्रेस यांनीं सुचविलें कीं, उभय कानांचे संदेश मेंदूंतील ज्या पेशीपाशीं एकाच क्षणीं पोंचतात, तिच्यावरून दिशा ठरते. घुबडाच्या मेंदूंत तशी रचना १९८८ सालीं दिसून आली.

मेंदूच्या एकाच बाजूचें श्रवणकेंद्र दुखावलें तर माणूस बहिरा होत नाहीं, कारण प्रत्येक कानाचे संदेश दोन्ही बाजूंस जातात. मात्र हाक स्पष्ट ऐकूनही तिच्या दिशेविषयीं त्याची गफलत होऊं शकते, विशेषतः इजेच्या विरुद्ध बाजूस.