सिमल्याचा जाहीरनामा : युद्धाची भाषा आणि युद्धाचें सत्य

युद्ध करूं इच्छिणाऱ्या सरकाराला दोन सैन्यें उभारावीं लागतात. एक शस्त्रांचें आणि दुसरें शब्दांचें. पहिलें शत्रूवर चालून जातें, दुसरें स्वतःच्याच प्रजेवर. पहिल्या सैन्याच्या मोहिमांची बखर लिहिणारे पुष्कळ झाले. दुसऱ्याच्या मोहिमेकडे मात्र इतिहासकारांचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः युद्धाचें खरें कारण ज्याला शोधावयाचें असेल त्यानें जाहीरनाम्यांतील शब्द एकेक उचलून त्याच्या खालीं काय झांकलें आहे हें पाहिलें पाहिजे. या परीक्षेला १ ऑक्टोबर १८३८ रोजीं लॉर्ड ऑकलंड यांनीं सिमल्याहून काढलेल्या जाहीरनाम्याइतका उपयुक्त लेख आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. पहिल्या अफगाण युद्धाचा आरंभ याच लेखानें झाला.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. काबूलची गादी १८०९ सालीं गमावून बसलेला शहा शुजा लुधियाना येथें कंपनी सरकारचें पेन्शन खात होता. काबुलांत दोस्त महंमद हा कर्तबगार पुरुष राज्य करीत होता. १८३४ सालीं रणजितसिंहानें अफगाणांचें पेशावर जिंकून घेतलें आणि तें शल्य दोस्त महंमदाच्या मनांत सलत राहिलें. १८३७ च्या अखेरीस इराणच्या शहानें रशियाच्या प्रोत्साहनानें हिरातेस वेढा घातला आणि त्याच सुमारास विटकेविच नांवाचा रशियन वकील काबुलांत येऊन दाखल झाला. कंपनीचा वकील अलेक्झांडर बर्न्स तेथें आधींच बसलेला होता. पेशावरच्या बाबतींत कांहीं समाधान केल्यास दोस्त महंमद हा आपला भरंवशाचा मित्र होईल, असें बर्न्स वारंवार लिहीत होता. परंतु रणजितसिंहाचें मन दुखविण्याची सरकारची तयारी नव्हती. एप्रिल १८३८ मध्यें बर्न्स रिक्त हस्तांनीं परतला आणि २६ जूनला कंपनी, रणजितसिंह व शहा शुजा यांचा त्रिपक्षीय तह झाला. जुनी गादी जुन्या धन्यास परत देण्याचें ठरलें. आतां राहिलें तें एवढेंच, कीं हें कृत्य न्यायाचें आहे असें जगाला पटवून देणें.

जाहीरनाम्यांतील पहिला मोठा शब्द ‘विनाकारण हल्ला’ हा होय. दोस्त महंमदाच्या फौजेनें आमचा जुना मित्र रणजितसिंह याच्यावर कारण नसतां अचानक चाल केली, असा आरोप त्यांत आहे. १८३७ च्या एप्रिलांत जमरूदच्या किल्ल्यापाशीं लढाई झाली व तींत हरिसिंग नलवा पडला, ही गोष्ट खरी. परंतु जमरूद हें खैबर खिंडीच्या तोंडाशीं आहे आणि त्यामागचें पेशावर अवघ्या तीन वर्षांपूर्वीं अफगाणांकडून हिसकावून घेतलेलें होतें. जाहीरनाम्याची कथा जमरूदपासून सुरू होते. पेशावर घेतलें कसें, याविषयीं ती मौन धरते. कथा कोठून सांगावयास लागावयाचें हें ज्याच्या हातीं असतें, त्याच्या हातीं अर्धा निकाल असतो.

दुसरा शब्द ‘लोकप्रियता’. शहा शुजा हा अफगाण प्रजेला प्रिय असल्याची साक्ष उत्तमोत्तम माहितगारांनीं एकमुखानें दिली आहे, असें लॉर्डसाहेब सांगतात. या लोकप्रिय राजानें राज्य परत मिळविण्याचे जे प्रयत्न केले ते सारे फसले होते. १८३४ सालीं कंदाहारपाशीं दोस्त महंमदानें त्याचा पराभव केला, त्यास उणींपुरीं चार वर्षेंच झालीं होतीं. ज्याला प्रजा खांद्यावर घेणार, त्याच्यासाठीं परकी फौज कशाला लागावी, ही शंका कोणास येऊं नये म्हणून तिसरा शब्द योजला : शहा ‘स्वतःच्या सैन्यासह’ देशांत प्रवेश करील. हें स्वतःचें सैन्य कंपनीच्या मुलखांत, कंपनीच्या पैशानें आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाताखालीं उभें केलेलें होतें. इंग्रज फौज केवळ परकीयांचा हस्तक्षेप आणि ‘फितुरी विरोध’ मोडण्यापुरती बरोबर राहणार होती. येथें भाषेची खरी करामत आहे. जो अफगाण शुजाला मान्य करील तो प्रजा, जो विरोध करील तो फितुरी. मग प्रजेचा विरोध हें वाक्यच संभवत नाहीं.

चौथा शब्द सर्वांत भव्य : अफगाणिस्थानचें ‘स्वातंत्र्य आणि अखंडता’. तीं एकदां स्थापन झालीं कीं इंग्रज फौज परत येईल असें वचन दिलें होतें. परंतु ज्या तहाच्या बळावर ही मोहीम निघाली त्या तहानें शहा शुजानें पेशावर, काश्मीर आदि प्रांतांवरील आपला हक्क रणजितसिंहास कायमचा सोडून दिला होता.

महाराष्ट्रीय वाचकांस ही भाषा अपरिचित वाटूं नये. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहांत दुसऱ्या बाजीरावाला ‘संरक्षण’ मिळालें, तैनाती फौज मिळाली, आणि १८०३ च्या मे महिन्यांत वेल्स्लीच्या संगिनींच्या आश्रयानें त्याची पुण्याच्या गादीवर पुनःस्थापना झाली. त्या संरक्षणाचा शेवट १८१८ सालीं कसा झाला हें सांगावयास नको. सिमल्याच्या लेखकांपाशीं शब्दकोश तयार होता. त्यांनीं फक्त नांवें बदललीं. आणि या मोहिमेंत मुंबई सरकारची फौजही सर जॉन कीन याच्या हाताखालीं सिंधमार्गें गेली. सिंधच्या अमीरांशीं १८३२ सालीं झालेल्या तहांत सिंधु नदींतून युद्धसामुग्री नेण्यास मनाई होती. तो तह युद्धाच्या गरजेपुढें गुंडाळून ठेवण्यांत आला. तह मोडणाऱ्या शत्रूला शासन करावयास निघालेल्यांनीं वाटेंतच मित्राचा तह मोडला.

आतां युद्धाच्या कारणाची कसोटी पाहूं. सारी भीति हिरातेची होती; हिरात पडलें कीं हिंदुस्थानचें दार उघडलें, असें म्हटलें जात होतें. पण ९ सप्टेंबर १८३८ रोजींच, म्हणजे जाहीरनामा निघण्यापूर्वीं तीन आठवडे, इराणी सैन्य वेढा उठवून परतलें होतें. ती बातमी पुढें सिमल्यास पोंचली. कारण नाहींसें झालें, तेव्हां कार्यही थांबावयास हवें होतें. परंतु ८ नोव्हेंबरच्या हुकुमानें वेढा उठल्याचें जाहीर करून मोहीम पुढें चालूं राहील असेंही जाहीर करण्यांत आलें. ज्या दिवशीं कारण संपलें तरी युद्ध संपलें नाहीं, त्या दिवशीं तें कारण निमित्त होतें हें सिद्ध झालें. रशियाची भीति अगदींच काल्पनिक होती असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. विटकेविच काबुलांत आला होता आणि इराणी छावणींत रशियन सल्लागारही होते. निव्वळ असत्यावर लोक फार काळ विश्वास ठेवीत नाहींत. खऱ्या भीतीच्या पायावर चढविलेलें अतिशयोक्तीचें मजलेच राष्ट्रांना फसवितात.

जाहीरनामा हिंदुस्थानसाठीं होता. विलायतेंतील पार्लमेंटसाठीं १८३९ सालीं ‘ब्लू बुक’ छापण्यांत आलें. त्यांत बर्न्सचीं पत्रें होतीं, पण दोस्त महंमदाच्या बाजूनें त्यानें लिहिलेले उतारे कापलेले होते. परिणाम असा झाला, कीं ज्या धोरणाविरुद्ध तो लिहीत होता त्याच धोरणाचा तो साक्षीदार ठरला. एकही खोटें वाक्य न लिहितां, केवळ खरीं वाक्यें गाळून, संपूर्ण असत्य उभें करतां येतें, याचें याहून ठळक उदाहरण मिळणें कठीण. इतिहासकार के यांनीं १८५१ सालीं हा प्रकार उजेडांत आणला. १८६१ सालीं चौकशीची मागणी पार्लमेंटपुढें आली, तेव्हां जॉन ब्राइट यांनीं ती कळकळीनें उचलून धरली. ब्लू बुक निघालें त्या वेळीं परराष्ट्रमंत्री असलेले पामर्स्टन आतां मुख्य प्रधान होते. चौकशी नाकारली गेली. तोंपर्यंत बर्न्सला मरून एकोणीस वर्षें लोटलीं होतीं.

युद्धाची हकीकत सर्वश्रुत आहे. ऑगस्ट १८३९ मध्यें शहा शुजा काबुलांत शिरला. प्रजेनें त्याला खांद्यावर घेतलें नाहीं आणि फौज परत आली नाहीं. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं बर्न्स मारला गेला. त्या जाहीरनाम्यावर सेक्रेटरी म्हणून ज्याची सही होती तो मॅक्नॉटन २३ डिसेंबरला मारला गेला. ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें ४,५०० लढवय्ये आणि १२,००० बुणगे काबूल सोडून बर्फांतून निघाले. एका आठवड्यानें डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावरून जलालाबादेस पोंचला. मागाहून थोडे शिपाई आणि कैदी सुटून आले; बाकीचे खिंडींतच राहिले. त्यांत बहुसंख्य आमचे हिंदी लोक होते : शिपाई, सईस, भिस्ती, त्यांच्या बायका आणि मुलें. सिमल्याचा जाहीरनामा त्यांच्यापैकीं किती जणांनीं वाचला असेल? ज्यांनीं तो लिहिला त्यांच्यापेक्षां ज्यांना तो वाचतांही येत नव्हता त्यांनींच त्याची किंमत दिली.

१ ऑक्टोबर १८४२ ही तारीख घालून सिमल्याहूनच लॉर्ड एलेनबरो यांनीं दुसरा जाहीरनामा काढला. नाखूष प्रजेवर राजा लादणें हें ब्रिटिश सरकारच्या तत्त्वांस सोडून आहे, असें त्यांत म्हटलें होतें. चार वर्षांपूर्वीं जो राजा लोकप्रिय होता तो आतां लादलेला ठरला. तोही त्याच एप्रिलांत मारला गेल्यामुळें तक्रार करावयास नव्हता. दोस्त महंमद १८४३ सालीं पुन्हा गादीवर बसला. तरीही शब्दांचें सैन्य थकलें नव्हतें. गझनीहून आणलेले दरवाजे सोमनाथाचे आहेत आणि आठशें वर्षांच्या अपमानाचा सूड उगवला, असें एलेनबरो यांनीं १६ नोव्हेंबरला हिंदुस्थानच्या राजेलोकांस कळविलें. पुढें ते दरवाजे देवदाराचे व सोमनाथाशीं संबंध नसलेले निघाले. ते आग्र्याच्या किल्ल्यांत पडून आहेत.

हा प्रकार एका शतकाचा किंवा एका जातीचा नव्हे. सप्टेंबर २००२ मध्यें ब्रिटिश सरकारनें इराकविषयीं जी पुस्तिका काढली तींत संहारक अस्त्रें पंचेचाळीस मिनिटांत सज्ज होऊं शकतील असें छापलें होतें. तीं अस्त्रें सांपडलीं नाहींत. आणि २०१६ सालीं चिल्कॉट समितीनें निर्णय दिला, कीं पुराव्यानें समर्थन होणार नाहीं अशा खात्रीनें तीं विधानें मांडलीं गेलीं होतीं. बर्न्सच्या पत्रांतून जें गाळलें तो ‘परंतु’ येथेंही गाळला गेला. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तिला ‘विशेष सैनिकी कारवाई’ असें नांव दिलें आणि तिला युद्ध म्हणणाऱ्या स्वतःच्या नागरिकांवर खटले भरले.

राज्यकर्त्यांनीं अशी भाषा वापरूं नये असा उपदेश करणें व्यर्थ आहे. ते ती वापरणारच. सावधगिरी प्रजेनेंच बाळगली पाहिजे. सरकार जेव्हां युद्धाचें कारण सांगेल तेव्हां तीन प्रश्न विचारावे. ही कथा याच जागीं कां सुरू झाली? साक्षीदारांचीं पत्रें पूर्ण छापलीं आहेत काय? आणि उद्यां हें कारण नाहींसें झालें तर फौज परत फिरेल काय? सिमल्याच्या जाहीरनाम्याला १८३८ सालीं हे प्रश्न विचारणारे थोडे होते. खैबरच्या वाटेवरील हाडें पुढें कित्येक वर्षें त्यांचीं उत्तरें देत होतीं.