चुकांतून उलगडणारे मन

दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे उभे करा. डावा डोळा मिटा आणि उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे एकटक पाहत उजवा अंगठा सावकाश उजवीकडे सरकवा. वीतभर अंतर होण्याच्या आतच त्याचे टोक दिसेनासे होते. डोळ्यातून मज्जातंतू जिथे बाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरीही समोरच्या दृश्याला कुठे भोक पडल्याचे जाणवत नाही, कारण आजूबाजूच्या रंगरेषांवरून मेंदू ती जागा भरून काढतो. पाहणे म्हणजे नकळत केलेले अनुमान, असे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटले होते. मन माहिती कशी टिपते, साठवते आणि वापरते हे अभ्यासणाऱ्या बोधनिक मानसशास्त्राचा पाया या विचारात आहे.

मन उघडून पाहता येत नाही आणि त्याच्या बऱ्याचशा हालचाली खुद्द त्याच्या मालकालाही ठाऊक नसतात. मग त्याचा शास्त्रीय अभ्यास करायचा कसा? या शास्त्राला दोन वाटा सापडल्या: माणसाला लागणारा वेळ आणि त्याच्या हातून होणारी चूक. डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी 1868 मध्ये पहिली वाट दाखवली. खूण मिळताच प्रतिसाद द्यायला काही वेळ लागतो. दोनपैकी कोणती खूण मिळाली हे ओळखून योग्य प्रतिसाद द्यायला जास्त लागतो. हा जादा वेळ ओळखण्याचा आणि निवडीचा. 1879 मध्ये वुंट यांनी लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा उभारली आणि अशा मोजमापांना हक्काचे घर मिळाले.

1913 मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी वर्तनवादाचा, म्हणजे केवळ दिसणाऱ्या वर्तनाच्या अभ्यासाचा, पुकारा केला. पुढची काही दशके, विशेषतः अमेरिकेत, मनातल्या घडामोडींबद्दल बोलणेच अशास्त्रीय ठरले. विषय पुन्हा उघडला तो दुसऱ्या महायुद्धातल्या गरजांनी. रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या सैनिकांच्या नजरेतून खुणा का निसटतात, हा प्रश्न जिवावरचा होता. मॅकवर्थ यांनी दाखवले की टक लावून पाहणाऱ्याची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच घसरू लागते. 1953 मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकच मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा होता की बाईचा, हे लोकांना सांगता आले. बोलणे कशाविषयी होते, ते नाही. मन नको असलेले दाराशीच अडवते, असा सिद्धान्त ब्रॉडबेंट यांनी 1958 मध्ये मांडला. पण पुढच्याच वर्षी मोरे यांना आढळले की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले, तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू जाते. म्हणजे दार पुरते बंद नसते. अ‍ॅन ट्रीझमन यांनी त्यावरून सिद्धान्त सुधारला: दुर्लक्षित आवाज थांबत नाही, क्षीण होतो.

विचारांच्या बाबतीतही चूकच मार्ग दाखवते. वेसन यांच्या 1966 च्या कोड्याचे हे मराठी रूप पाहा. चार पत्ते आहेत: अ, क, 4, 7. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा की स्वराच्या मागे सम अंकच असतो. तो खरा आहे का, हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण ‘अ’ आणि ‘4’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘7’, कारण नियम मोडू शकतील असे पत्ते हे दोनच. हाच तर्क दारू पिण्याच्या वयाच्या नियमावर बेतला, की बहुतेकांना सहज जमतो. विचार ओळखीच्या व्यवहाराच्या आधाराने चालतो, ही मोठी गोष्ट त्या छोट्या चुकीने शिकवली.

अनुमान करायला मन शिकते कसे, याचा एक हृद्य पुरावा दिल्लीत मिळाला. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना सुरुवातीला नुसत्या नजरेने ओळखता येईना. काही दिवसांतच येऊ लागली. डोळे उघडल्यावरही पाहणे शिकावे लागते.

संवेदन, अवधान, स्मृती आणि विचार या क्रमाने हे पुस्तक जाते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक प्रयोग आहे. तो आधी स्वतः करावा, स्पष्टीकरण मागाहून वाचावे. तुम्ही चुकाल, आणि चुकायलाच हवे. ज्या घडणीमुळे आपण चुकतो, तिच्याच बळावर गजबजलेल्या रस्त्यातून चालतो आणि गोंगाटात गप्पा मारतो. हे उमगलेला शिक्षक विद्यार्थ्याचे लक्ष उडाले म्हणून त्याला आळशी ठरवण्याआधी थांबेल, साक्षीदाराची आठवण तपासणारा केवळ त्याच्या ठामपणावर विसंबणार नाही आणि गाडी चालवणारा फोन बाजूला ठेवेल. एवढे साधले, तरी या पुस्तकाचे श्रम सार्थकी लागतील.