डच विद्यार्थी आणि इंग्रजीचा वर्तमानकाळ : चार शतकांच्या अभ्यासाचा इतिहास

नेदरलँड्समधील सर्वसामान्य नागरिकाला इंग्रजी उत्तम येते, ही गोष्ट जगभर परिचित आहे आणि तिचे श्रेय बहुधा तेथील दूरचित्रवाणीला दिले जाते, कारण इंग्रजी चित्रपट आणि मालिका डच आवाजात रूपांतरित न करता मूळ संवादांसह, खाली डच मजकूर देऊन दाखवण्याची प्रथा त्या देशात रुजली आहे. हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. सतत ऐकल्याने भाषेचा कान तयार होतो. परंतु चौकशीचे पत्र, नोकरीचा अर्ज किंवा साधा निरोप लिहिताना क्रियापदाचे नेमके कोणते रूप वापरावे, हा निर्णय सराव आणि समज यांवरच अवलंबून असतो. हा सराव नेदरलँड्समध्ये सोळाव्या शतकापासून चालत आला असून त्याची घडण प्रामुख्याने अशा शिक्षकांनी केली, ज्यांना स्वतःलाही इंग्रजी परभाषा म्हणूनच शिकावी लागली होती.

डच आणि इंग्रजी या एकाच जर्मानिक कुळातील भाषा असल्याने त्यांचे पुष्कळ शब्द एकमेकींच्या जवळचे आहेत, तथापि वर्तमानकाळाच्या बाबतीत दोघींची वाट वेगळी होते. ‘ती वाचते’ आणि ‘ती वाचत आहे’ हा भेद मराठीत क्रियापदाच्या रूपातूनच दिसतो आणि इंग्रजीतही ‘शी रीड्स’ व ‘शी इज रीडिंग’ अशी दोन रूपे आहेत. डचमध्ये मात्र दोन्ही प्रसंगी साधे रूप चालते. चालू क्रिया दाखवण्यासाठी तेथे स्वतंत्र रचना उपलब्ध असली तरी ती इंग्रजीइतकी सक्तीची नाही. त्यामुळे डच विद्यार्थी चालू क्रियेसाठीही साधा वर्तमानकाळ योजण्याकडे झुकतो, तर मराठी भाषकाची चूक अनेकदा उलट दिशेने होते आणि जाणणे किंवा आवडणे यांसारख्या स्थितिवाचक क्रियापदांनाही तो चालू काळाचे रूप देऊन बसतो. दुसरी अडचण मात्र दोघांनाही समान आहे. ‘ती येथे दहा वर्षांपासून राहते’ असे मराठीप्रमाणे डचमध्येही साध्या वर्तमानात म्हणता येते. इंग्रजीला तेथे पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे भूतकाळात सुरू झालेल्या गोष्टीचा वर्तमानाशी असलेला संबंध दाखवणारा काळ, आवश्यक वाटतो.

या अभ्यासाचा ठळक प्रारंभ युद्धाच्या निमित्ताने झाला. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डच प्रांतांना साहाय्य करण्यासाठी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने १५८५ साली करार केला, त्या वर्षीच्या डिसेंबरात तिच्या फौजेचा सेनापती, लेस्टरचा अर्ल, व्लिसिंगन बंदरात उतरला आणि इंग्रज सैनिक, अधिकारी व व्यापारी यांच्याशी डच नागरिकांचा दैनंदिन व्यवहार वाढला. पुढच्याच वर्षी, १५८६ मध्ये, लायडन येथे स्थायिक झालेल्या थॉमस बॅसन या इंग्रज मुद्रकाने इंग्रजी आणि डच क्रियापदांची रूपे देणारे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा आधार गाब्रिएल म्यूरिये याने इंग्रजी व फ्रेंच यांसाठी तयार केलेला आराखडा होता. डच वाचकांसाठीच्या या आरंभीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाने शब्दसंग्रहाऐवजी क्रियापद केंद्रस्थानी ठेवावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मात्र त्या काळच्या इंग्रजीतच चालू वर्तमानाचा वापर आजच्याइतका बंधनकारक झालेला नव्हता, त्यामुळे नंतरच्या विद्यार्थ्यांना छळणारा हा भेद तेव्हा तितका तीव्र नव्हता.

सतराव्या शतकात व्यापार, धर्म आणि ग्रंथव्यवहार यांनी इंग्रजी शिकण्याची गरज टिकवून धरली. डच भूमीवर सैन्यात सेवा केलेल्या हेन्री हेक्सम या इंग्रजाने रॉटरडॅम येथून १६४७ आणि १६४८ मध्ये दोन्ही दिशांचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यानंतर अ‍ॅमस्टरडॅमच्या विलेम सेव्हेल या अनुवादकाने १६९१ मध्ये इंग्रजी-डच कोश आणि १७०५ मध्ये इंग्रजी भाषेचा संक्षिप्त मार्गदर्शक सिद्ध केला.

खरे संस्थात्मक वळण १८६३ साली आले. राजकारणी योहान रुडॉल्फ थोर्बेके यांच्या माध्यमिक शिक्षण कायद्याने व्यापार-उद्योगाकडे वळणाऱ्या मध्यमवर्गीय मुलांसाठी ‘होखेरे बुर्खरस्कूल’ ही नवी शाळा निर्माण केली. तिच्यात लॅटिन आणि ग्रीक यांना स्थान नव्हते, तर फ्रेंच, जर्मन व इंग्रजी या आधुनिक भाषा अनिवार्य होत्या. येथे ‘थेमा’, म्हणजे व्याकरणाचा एखादा नियम कसाला लावण्यासाठी रचलेली डच वाक्ये परभाषेत उतरवण्याचा पाठ, हे अध्यापनाचे मुख्य साधन बनले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत महाराष्ट्रातील पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर जशी मेहनत घेतली, त्याच जातीची ही शिस्त होती. शाळांना शिक्षक हवे होते, पण आधुनिक भाषांची पूर्ण विद्यापीठीय पदवी १९२१ पूर्वी उपलब्ध नव्हती. म्हणून इच्छुक उमेदवार नोकरी सांभाळून शासकीय अध्यापन-प्रमाणपत्राच्या कठीण परीक्षांची तयारी करीत.

याच परीक्षार्थी-शिक्षकांच्या वर्तुळातून इंग्रजी व्याकरणातील काही थोर ग्रंथ निर्माण झाले. अ‍ॅमस्टरडॅममधील शिक्षक हेन्द्रिक पाउट्स्मा यांनी १९०४ ते १९२६ या काळात आधुनिक इंग्रजीचे बहुखंडी व्याकरण प्रसिद्ध केले आणि ते युरोप खंडातील, विशेषतः डच, विद्यार्थ्यांसाठी असल्याचे शीर्षकातच नमूद केले. इंग्रजी पुस्तके आणि वृत्तपत्रे यांतून वेचलेल्या विपुल उदाहरणांवर त्यांची मांडणी उभी आहे. १९२१ मध्ये त्यांनी क्रियापदाची स्वभाववैशिष्ट्ये आणि त्याचे ‘विस्तारित रूप’, म्हणजे आज ज्याला चालू काळ म्हटले जाते ते रूप, यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. एत्स्को क्रॉइसिंगा यांच्या हस्तपुस्तिकेचे प्रकाशन १९०९ मध्ये सुरू झाले, १९१९ मध्ये ‘इंग्लिश स्टडीज’ हे नियतकालिक निघाले आणि ग्रोनिंगन विद्यापीठातील प्राध्यापक आर. डब्ल्यू. झांडफोर्ट यांची व्याकरणविषयक हस्तपुस्तिका १९४५ मध्ये प्रसिद्ध होऊन नेदरलँड्सबाहेरही अभ्यासली गेली. इंग्रज माणूस चालू काळाचे रूप विचार न करता योग्य जागी वापरतो, त्यामुळे त्यामागील नियम शोधण्याची निकड त्याला भासत नाही. डच शिक्षकाला मात्र विद्यार्थ्याच्या वहीतील प्रत्येक चुकीचे कारण सांगावे लागे आणि या निकडीतूनच त्याची दृष्टी सूक्ष्म झाली.

१ ऑगस्ट १९६८ रोजी अमलात आलेल्या ‘मामुटवेट’ या माध्यमिक शिक्षणाच्या व्यापक कायद्यानंतर परीक्षेचे स्वरूप बदलले, परभाषेत अनुवाद करण्याचे महत्त्व ओसरले आणि केंद्रीय परीक्षेत वाचन-आकलनाला अग्रस्थान मिळाले. याच सुमारास युट्रेक्टचे भाषातज्ज्ञ यान फान एक यांनी युरोप परिषदेसाठी केलेल्या कामातून १९७५ मध्ये ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ हा आराखडा पुढे आला. परदेशात स्वतंत्रपणे वावरण्यासाठी शिकणाऱ्याला किमान काय करता आले पाहिजे, हा त्याचा मूळ प्रश्न होता. त्यामुळे लेखनाच्या संदर्भात साहित्यिक निबंधापेक्षा निवासाची चौकशी करणारे साधे पत्र आणि भरावयाचा नमुना अर्ज यांना महत्त्व आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामाईक युरोपीय संदर्भ-चौकटीतील बी-१ ही पायरी याच विचाराची वारस आहे. डच प्राथमिक शाळांत तर १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच इंग्रजी अनिवार्य झाली होती.

या बदलाने क्रियापदाची रूपे गौण ठरली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. घरमालकाला लिहिलेल्या पत्रात अमुक व्यक्ती एका गावी कायमची राहते की तात्पुरती राहत आहे, हे इंग्रजीत क्रियापदाच्या रूपावरूनच कळते. व्याकरण आणि व्यवहार यांची तेथे फारकत करता येत नाही. बॅसनच्या तक्त्यांपासून फान एक यांच्या आराखड्यापर्यंत पद्धती बदलत गेल्या, पण शिकणाऱ्याच्या अडचणीपासून सुरुवात करण्याची वृत्ती टिकून राहिली आणि डच इंग्रजीचे खरे बळ तिच्यातच आहे. मराठी भाषकाला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी हा इतिहास उपयुक्त आहे, कारण मराठीची काळव्यवस्था इंग्रजीशी कोठे जुळते आणि कोठे तुटते, याची काटेकोर नोंद ठेवून तयार केलेले पाठ परदेशी साच्यातून आलेल्या पाठांपेक्षा मराठी विद्यार्थ्याला अधिक लवकर आणि अधिक खोलवर पोहोचवतील.