तलवारवरचा उठाव आणि कोकणातले खलाशी
ब्रिटिश अमदानीत हिंदी नौदलाची भिस्त फार काळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या दर्यावर्दी घराण्यांवर होती. त्यांत कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धात भरती देशभर पसरली आणि शिकलेली पोरे आली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात या नौदलाच्या ‘बंगाल’ या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशी झुंज दिली. त्यांपैकी एक बुडाले.

एवढे करूनही ताटात किडके, खडे असलेले अन्न आणि वर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत कुलाब्यातल्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील खलाशांनी जेवण नाकारले, काम थांबवले. बघता बघता संप कराची, मद्रासपर्यंत पोहोचला. युनियन जॅक उतरवून काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्षाचे झेंडे एकत्र चढले. फाळणीच्या उंबरठ्यावर हे दृश्य खरोखर मोलाचे होते. २१ तारखेला कॅसल बॅरॅकमध्ये गोळीबार झाला. खलाशांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरले, दोनशेहून अधिक माणसे मेली. परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच एक.

वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने २३ तारखेला संप मागे घेतला गेला. शिक्षा होणार नाही ही आशा मात्र फोल ठरली: शेकडो जणांना काढून टाकले, आणि स्वतंत्र भारताच्या वा पाकिस्तानच्या नौदलातही त्यांना परत घेतले गेले नाही.