दिनविशेष : ३ मे

१९१३ : दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. भारतातील हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. पडद्यावर काम करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात आचारी असलेल्या साळुंके यांनी तारामती रंगवली. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, तर फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके यांनी घर सांभाळून केली.

१९३९ : काँग्रेसचे अध्यक्षपद सोडल्यानंतर सुभाषचंद्र बोस यांनी ‘फॉरवर्ड ब्लॉक’ची घोषणा केली.

१९४७ : जपानची नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केला.

१९९४ : संयुक्त राष्ट्रांच्या डिसेंबर १९९३ मधील निर्णयानुसार हा दिवस जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

जन्म
१८९६ : व्ही. के. कृष्ण मेनन, माजी संरक्षणमंत्री.

निधन
१९६९ : राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन. पदावर असताना निधन झालेले ते पहिले राष्ट्रपती.
१९८१ : ‘मदर इंडिया’च्या नायिका नर्गिस यांचे मुंबईत कर्करोगाने निधन. मुलगा संजय दत्त याचा नायक म्हणून पहिला चित्रपट ‘रॉकी’ त्यानंतर काही दिवसांतच प्रदर्शित झाला.