सहा महिन्यांच्या गोळ्या आणि सहा महिन्यांचा फड

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातले तांडे रिकामे होतात. अशाच दिवसांत बातमीसाठी धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावर गेलो होतो. एका घरात आवराआवर चालली होती आणि खिळ्याला टीबीच्या गोळ्यांची पिशवी तशीच लटकत होती. विचारलं, तर घरधनी म्हणाला, "खोकला गेला ना भाऊ, आता कशाला?" उपचाराला दोनच महिने झाले होते.

मी डॉक्टर नाही. पण त्या पिशवीमागे मोठा इतिहास आहे, तो सांगतो.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल १९४८ ला छापून आला. सहा महिन्यांत हे औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ दगावले, न घेतलेल्या ५२ पैकी १४. जादूच वाटली. पण काही महिन्यांतच अनेकांच्या जंतूंवर ते औषध चालेना.

कारण साधं आहे. फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यात एखादा योगायोगानं औषधाला न जुमानणारा निघतो. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि त्याला रान मोकळं. म्हणून तीन-चार औषधं एकत्र द्यायची, एकातून सुटला तर दुसऱ्यात सापडतो. १९६० च्या दशकात लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर अनेक औषधं एकत्र देऊ लागले, त्यामागंही हाच हिशोब होता. कॅन्सरच्या पेशीही औषधाला अशाच निर्ढावतात.

१९५० च्या दशकात मद्रासच्या अभ्यासानं दाखवून दिलं की सॅनिटोरियमची गरज नाही, टीबी घरी राहूनही बरा होतो. गरिबांसाठी ही मोठीच गोष्ट. अट एकच, गोळ्या पूर्ण घ्यायच्या.

ती अट आपण पाळली नाही, आणि दोष फक्त रुग्णाचा नाही. १९९१ मध्ये धारावी परिसरातल्या १०० खासगी डॉक्टरांना विचारलं, तर टीबीसाठी तब्बल ८० वेगवेगळ्या औषधयोजना निघाल्या! डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती छापली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. सरकारनं त्या नावावर आक्षेप घेतला, पण २०१२ मध्येच टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक झालं.

आता पुन्हा तांड्यावर या. उपचार घरी घ्यायचा, पण आपल्या माणसाचं घर कोणतं? गावातलं, की कारखान्याच्या थळावरची कोपी? त्या पिशवीत महिनाभराच्याच गोळ्या होत्या. पुढच्या तीन महिन्यांच्या कुठं मिळतील, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धवट उपचारानं निर्ढावलेला जंतू एकट्याचा राहत नाही. कोपीत शेजारी झोपलेल्या लेकराला तो तसाच, निर्ढावलेलाच लागतो.

निक्षय नोंदणीवरून रुग्णाला दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही वर्ग करता येतं. गोळ्या फुकट आहेत, पोषणासाठी महिन्याला १,००० रुपयेही आहेत. मुकादम उचल देताना कोयते मोजतो, तसं कुणाच्या गोळ्या चालू आहेत हेही विचारावं. आशाताईंनी गाडी हलण्याआधी यादी करावी, कारखान्यानं ती मागावी.

तुमच्या गावातून टोळी निघतेय? मग आजच विचारा.